ऊसतोड कामगार, उचल आणि कोयता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या रस्त्यांवर माणसं, भांडीकुंडी, शेळ्या आणि सरपण भरलेले ट्रॅक्टर दिसू लागले की हे प्रश्न सुरू होतात. शहरातले वाचक विचारतात, ऊस उत्पादक शेतकरी विचारतात, आणि हल्ली ऊसतोडीच्या घरातून शिकून बाहेर पडलेली मुलंही विचारतात. तिघांचे प्रश्न वेगळे असतात. इथे ते एकत्र घेतले आहेत.

ऊसतोड कामगार येतात कुठून आणि जातात कुठे?

सर्वांत जास्त बीड जिल्ह्यातून: पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज. त्याला लागून अहिल्यानगरचे पाथर्डी आणि शेवगाव. शिवाय जालना, परभणी, नांदेड, धाराशिव, आणि उत्तरेकडे नाशिक, जळगाव, नंदुरबार. जातात ते कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, आणि सीमेपलीकडे बेळगाव-बागलकोटच्या कारखान्यांवर. नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी टोळ्या दक्षिण गुजरातेत उतरतात. वंजारी, बंजारा, दलित, धनगर, भटके-विमुक्त आणि दोन-तीन एकर कोरडवाहू जमिनीचे मराठा असे सगळे यात आहेत. जमीन अजिबात नाही किंवा आहे पण पोट भरत नाही, एवढं मात्र सगळ्यांत सारखं.

संख्या विचाराल तर आठ लाखांपासून बारा लाखांपर्यंत कुठलाही आकडा ऐकू येतो. चार लाखांचा फरक म्हणजे कुणी नीट मोजलेलंच नाही. काट्यावर उसाचं वजन किलोपर्यंत लागतं, पण तो कुणी तोडला त्याचं नाव वर्षानुवर्षं कारखान्याच्या कुठल्याच रजिस्टरला नव्हतं.

दुष्काळामुळे जातात, हेच कारण ना?

अर्धंच खरं. बालाघाटच्या डोंगररांगेतला हा पट्टा पर्जन्यछायेत आहे आणि १९७२च्या दुष्काळाने अनेक घरांना पहिल्यांदा कोयता हातात घ्यायला लावला, हे बरोबर. पण पाऊस चांगला झालेल्या वर्षीही गावं रिकामी होतात, त्याचं काय?

दुसरी बाजू कारखान्यांची. प्रवरेला १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला. पुढे कालव्यांच्या पाण्यावर पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. या उद्योगाला मजूर वर्षभर नको असतो. चार-पाच महिने हवा, पण त्या महिन्यांत चोवीस तास हवा. गावातला मजूर संध्याकाळी घरी जातो, सणाला सुट्टी घेतो, भाव करतो. दोनशे किलोमीटरवरून आलेलं, फडाच्या कडेला कोपी (ताडपत्रीची झोपडी) टाकून राहिलेलं जोडपं रात्री अकराला गाडी आली तरी भरायला उठतं, कारण जायला दुसरं ठिकाण नसतं. लागवडीखालच्या चारेक टक्के जमिनीवरचा ऊस सिंचनाच्या पाण्यातला सिंहाचा वाटा घेतो आणि पाणी न मिळालेल्या गावांतली माणसं तोच ऊस तोडायला जातात. याला निव्वळ निसर्ग कसं म्हणायचं?

‘एक कोयता’ आणि ‘अर्धा कोयता’ म्हणजे काय?

नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. करार, उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम), हिशोब सगळं कोयत्यावर. बाईची मजुरी वेगळी लिहिलीच जात नाही. उचल मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवून नेणाऱ्या कंत्राटदाराकडून, घेतो नवरा, अंगठा त्याचा, पैसे त्याच्या हातात, आणि फेड मात्र दोघांच्या अंगावर. एकट्याला मुकादम सहसा घेत नाही, म्हणून लग्नाची घाई होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत बीडमध्ये २० ते २४ वयाच्या सुमारे ४४ टक्के मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्याचा आकडा साधारण २२ टक्के होता. याचं एकमेव कारण ऊसतोड नाही. पण पोरीला एकटं मागे ठेवायची भीती आणि पोराला पूर्ण कोयता व्हायची गरज, या दोन गोष्टी बीडमधल्या कुठल्याही आजीला विचारा, ती सांगेल.

उचल म्हणजे ॲडव्हान्सच ना? त्यात वाईट काय?

पगाराचा ॲडव्हान्स घेतला तर महिनाअखेर हिशोब मिटतो. उचल तशी मिटत नाही. आकडे मांडून बघू.

समजा जोडप्याने पावसाळ्यात लाखभर रुपये उचल घेतली. आजकाल ही रक्कम फार मोठी नाही. जानेवारी २०२४च्या करारानंतर तोडणीचा दर टनाला साधारण ३६६ रुपये झाला. म्हणजे लाख फेडायला २७३ टन ऊस तोडावा लागतो. चांगलं कसलेलं जोडपं दिवसाला दोन टन तोडतं. झाले १३७ दिवस, एकही सुट्टी न घेता. आता हंगाम किती दिवसांचा? पूर्वी पाच-सहा महिने चालायचा. कारखाने वाढले, गाळपक्षमता वाढली, मध्येच उसाचं क्षेत्र घटलं, आणि २०२४-२५चा हंगाम बऱ्याच ठिकाणी शंभर दिवसही चालला नाही. शंभर दिवसांत ७३,२०० रुपये फिटले. उरलेले २६,८०० अंगावर राहिले.

यात अजून खर्ची धरलेली नाही. दर आठवड्या-पंधरवड्याला किराण्यासाठी मुकादम जे पैसे देतो, तेही उचलीच्याच खात्यावर चढतात. खाडाही धरलेला नाही. आजारी पडलं, पोर तापलं, पाळी आली म्हणून एक दिवस फडात गेलं नाही की पाचशे, कधी हजार रुपये कापले जातात. त्या दिवसाची मजुरी गेली ती वेगळीच. थोडक्यात, आजारपणाला इथे दोनदा पैसे मोजावे लागतात. पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, तेव्हा बहुतेकांचं खातं मुकादमाच्या वहीत उधारच निघतं, आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाबरोबर जायचं हे तिथेच ठरून जातं. वही त्याची, बेरीज त्याची. कामगाराकडे त्याची नक्कल क्वचितच असते.

मग उचल घेतातच कशाला? मनरेगावर गावातच राहावं की.

मनरेगाचा २०२५-२६चा महाराष्ट्रातला दर दिवसाला ३१२ रुपये होता. काम मागितल्यावर मिळेल का आणि पैसे कधी जमा होतील, हा वेगळाच प्रश्न. पण मुख्य अडचण दराची नाही, ठोक रकमेची आहे. पोरीचं लग्न, आईचं ऑपरेशन, बी-बियाणं, बोअर. या गोष्टी हप्त्याने होत नाहीत. बँक दारात उभं करत नाही. तारणाशिवाय, जामिनाशिवाय एका दिवसात लाख रुपये देणारा त्या गावात एकच माणूस असतो. तारण फक्त पुढच्या हंगामातलं शरीर.

मग कामगाराचा मालक कोण? कारखाना, शेतकरी की मुकादम?

सगळ्या भानगडीचं मूळ इथे आहे. ऊस शेतकऱ्याचा. तोडणीचं वेळापत्रक कारखान्याच्या शेती विभागाचं, कुठल्या थळात (उसाच्या शेतात) आज कोयता लागायचा हे चिटबॉय, म्हणजे कारखान्याचा तोडणीच्या चिठ्ठ्या देणारा माणूस, सांगतो. पैसे मात्र कारखाना थेट कामगाराला देत नाही. अनेक ठिकाणी त्यासाठी वेगळी तोडणी-वाहतूक संस्था काढलेली असते. ती ट्रॅक्टर-ट्रक मालकाशी करार करते, वाहतूकदार मुकादमाला पैसे देतो, मुकादम कोयत्याला. आणि शेवटी तोडणी-वाहतुकीचा खर्च कापला जातो शेतकऱ्याच्या उसाच्या बिलातून.

कामगार फडात साप चावून मेला तर विचारायचं कुणाला? कारखाना म्हणतो आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार म्हणतो मी गाडी चालवतो. मुकादम म्हणतो मीच कर्जात बुडालोय. शेतकऱ्याला तर टोळीचं नावही माहीत नसतं. प्रत्येकाचं म्हणणं कागदावर खरं असतं. माझ्या मते दरवाढीची दर तीन वर्षांनी होणारी लढाई महत्त्वाची आहेच, पण टनाला आणखी शंभर रुपये मिळाले तरी ‘मालक कोण’ याचं उत्तर मिळाल्याशिवाय बाकीचं काहीच मिळत नाही: ना भविष्यनिर्वाह निधी, ना विमा, ना बाळंतपणाची रजा.

तोडणीचा दर ठरवतं कोण?

सहकारी साखर कारखाना संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्यात करार होतो, साधारण तीन वर्षांसाठी. २०२० मध्ये १४ टक्के वाढ होऊन दर २७३ रुपयांच्या घरात आला. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या मध्यस्थीने ३४ टक्के वाढ ठरली. मुकादमाचं कमिशन त्याच वेळी १९ वरून २० टक्के झालं. बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे यांच्या काळापासून कोयता बंद ठेवायचा आणि करार करून घ्यायचा ही रीत आहे. गंमत अशी की वाटाघाटीच्या टेबलावर दोन्ही बाजूंना बसणाऱ्यांत कारखानदार सापडू शकतात.

त्यांचा दिवस कसा असतो?

बाईचा दिवस तीन-साडेतीनला. बाहेर जायचं तर अंधारातच, कारण संडास नाही. मग पाणी, चूल, दोन्ही वेळच्या भाकरी एकदम. कोपी म्हणजे बांबूच्या कामट्या आणि वर ताडपत्री, आत वाकूनच शिरायचं. पाचपर्यंत फडात. नवरा बुडख्याला कोयता घालतो, शेंडा छाटतो, पाचट झाडतो. बाई मागून ऊस गोळा करते, मोळी बांधते. डोकी सेंटरवर, म्हणजे जिथे गाडी डोक्यावरून भरतात तिथे, ही चाळीस किलोच्या आसपासची मोळी डोक्यावर घेऊन, ट्रकला लावलेल्या फळीवरून चढून वर टाकायची. दव पडलेलं असलं की फळी निसरडी होते, आणि गरोदर बायकाही तीच फळी चढतात. उसाचं पान करवतीसारखं कापतं, म्हणून उन्हातही पूर्ण बाह्यांचा शर्ट साडीवर घातलेला दिसेल.

दुपारनंतर वाढे बांधायचे. उसाच्या शेंड्यांच्या या पेंढ्या दूधवाल्या शेतकऱ्यांना विकून जे चार पैसे येतात, ते हिशोबाच्या वहीत जात नाहीत. घरच्या बाईच्या हातात रोख पडणारी ही जवळजवळ एकमेव कमाई. गाडी वेळेवर आली तर अंधार पडता घरी, नाही आली तर कारखान्याच्या मर्जीवर. बैलगाडीवाल्यांचं आणखी वेगळं: कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत रात्र तिथेच, बैलांशेजारी.

गर्भाशय काढण्याच्या बातम्या खऱ्या होत्या का?

हो. जून २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशय-शस्त्रक्रिया झाल्या. पुढे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. सहा जणींत एक, आणि त्यांतल्या अनेक चाळिशीच्या आतल्या.

‘मुकादम जबरदस्ती करतो’ अशी सोपी गोष्ट मात्र करू नका. कमी वयात लग्न, लागोपाठ बाळंतपणं, पाळीत बदलायला जागा नाही, धुवायला पाणी नाही, त्यातून जंतुसंसर्ग. दुखणं हंगामभर अंगावर काढायचं, कारण खाडा. पट्टा पडल्यावर गावाकडे खासगी दवाखान्यात गेलं की डॉक्टर ‘कॅन्सर होईल’ म्हणतो. शस्त्रक्रियेचा खर्च पुन्हा उचलीतून. कुणी हात धरून नेलं नाही, तरी दुसरी वाटच उघडी ठेवलेली नव्हती. त्यानंतर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. शस्त्रक्रियांवर वचक बसला. फडातली परिस्थिती तीच राहिली.

मुलांच्या शाळेचं काय होतं?

दिवाळीनंतर पटावरची नावं तशीच राहतात, बाकं रिकामी होतात. नव्वदच्या दशकात कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा सुरू झाल्या. शिक्षणहक्क कायदा आल्यावर ‘मुलांनी नियमित शाळेतच जावं’ असं धोरण ठरलं आणि साखरशाळा मागे पडल्या. कागदावर बरोबर, पण तळापासून शाळा चार किलोमीटर असली की मूल धाकट्या भावंडाला सांभाळत फडातच थांबतं. मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहं आहेत. शिवाय २०२१ मध्ये सरकारने संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर केली. तालुक्याला एक मुलांचं, एक मुलींचं. जिथे मुलींचं चांगलं चाललं आहे तिथे लग्नं लांबतात, हा फायदा गुणपत्रिकेत दिसत नाही पण सगळ्यांत मोठा आहे.

कायदे नाहीत का?

आहेत, पण बहुतेकांतून टोळी बरोबर निसटते. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा १९७९चा. बीडचा माणूस बेळगावला गेला तर तो लागू व्हायचा, कोल्हापूरला गेला तर नाही. दोन्हीकडे कोपी सारखीच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता आल्या, त्यातही ही राज्याच्या सीमेची अट गेली नाही. कंत्राटी कामगारांच्या तरतुदी ५० माणसांपासून पुढे लागू होतात. वीस कोयत्यांची टोळी म्हणजे चाळीस माणसं.

सगळ्यांत धारदार कायदा जुनाच आहे: वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियम, १९७६. उचलीच्या बदल्यात हवं तिथे जायचं, हवं तिथे काम करायचं स्वातंत्र्य गेलं किंवा किमान वेतनापेक्षा कमी मिळालं, तर ती वेठबिगारी आणि ते कर्ज कायद्याने संपुष्टात. १९८२च्या एशियाड कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी पैशात करून घेतलेलं काम संविधानाच्या कलम २३ नुसार सक्तीची मजुरीच ठरवलं. इतकं स्पष्ट असूनही ऊसतोडीत हा कायदा क्वचित वापरला जातो, कारण तो वापरायचा अधिकार महसूल यंत्रणेकडे आणि कारखाने कुणाचे हे तालुक्यात सगळ्यांना माहीत. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या कामगारांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा निदान सरकारला शपथपत्रं लिहावी लागली.

महामंडळाचं काय झालं?

गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाची घोषणा २०१९ची, पुण्यातलं कार्यालय एप्रिल २०२२चं. निधी गाळलेल्या उसावर टनाला दहा रुपये कारखान्यांकडून आणि तेवढेच सरकारकडून, अशी रचना आहे. ग्रामसेवकामार्फत नोंदणी आणि ओळखपत्रं सुरू झाली. ओळखपत्र जरूर घ्या. आपण ऊसतोड कामगार आहोत हे सांगणारा तो एकमेव सरकारी कागद आहे.

मी ऊस उत्पादक आहे. टोळ्या खुशाली मागतात, एन्ट्री मागतात, म्हणजे बिलाबाहेरचे रोख पैसे. लुबाडणूक आमची होते, त्यांची नाही.

तुमचा राग समजण्यासारखा आहे. तोडणीचा खर्च बिलातून कापला गेला, तरी एकरी काही हजार रोख मोजल्याशिवाय ऊस तुटत नाही. ऊस वाळतोय म्हटल्यावर तुम्ही देता. पण पैसे कुणी घेतले ते एकदा नीट बघा. त्यातले वाहनचालक, मुकादम, चिटबॉय यांच्यापर्यंत किती जातात आणि कोयत्यापर्यंत किती पोचतात, ते टोळीतल्या बाईला विचारा. ती रक्कम दरात असती तर ना तुम्हाला द्यावी लागली असती, ना त्यांना मागावी. तोवर तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत: फडाजवळ टँकरचं किंवा मोटारीचं पाणी आणि दोन आडोसे. खर्च खुशालीपेक्षा कमी येतो.

टोळ्या उचल घेऊन पळून जातात, त्याचं काय?

जातात. दोन-दोन मुकादमांकडून उचल घेणारे कामगार आहेत आणि वाहतूकदाराचे पंधरा-वीस लाख घेऊन गायब होणारे मुकादमही. त्यात बँकेचं कर्ज काढलेला ट्रॅक्टरमालक खरोखर उद्ध्वस्त होतो. ही फसवणूक आहे आणि तिला फौजदारी आणि दिवाणी मार्ग आहेत. कामगाराच्या पोराला किंवा म्हाताऱ्या बापाला ‘पैसे फिटेपर्यंत’ बसवून ठेवणं हा मात्र त्यातला मार्ग नाही, तो गुन्हा आहे. दोन्ही बाजूंचा हिशोब बँक खात्यातून झाला तर दोन्ही फसवणुकी कमी होतील, पण रोखीत सगळ्यांचीच सोय असते.

हार्वेस्टर आल्यावर हा प्रश्नच संपेल ना?

यंत्राची किंमत कोटीच्या घरात. सरकारने अनुदान दिलं आहे आणि मोठ्या सलग फडात ती चालताना दिसतात. गुंठ्यांत तुकडे झालेल्या, पाणी साचलेल्या, आडव्या पडलेल्या उसात अजून कोयताच लागतो. त्यामुळे सोपा ऊस यंत्राला आणि अवघड ऊस माणसाला, अशी वाटणी होते आहे. अवघड उसात दिवसाचे दोन टन भरत नाहीत, दर मात्र तोच. टनामागे यंत्राला हातकोयत्यापेक्षा जास्त पैसे दिले जातात, हा संघटनांचा जुना आक्षेप आहे.

हे लोक मतदान कधी करतात?

२०२४ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला होती. गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला. उत्तर यात आलं.

आमच्या ओळखीच्या कुटुंबाला मुकादमाने अडवून ठेवलं आहे. काय करू?

जीवाला धोका असेल तर आधी ११२. मुलं अडकली असतील तर १०९८. त्याचबरोबर ते जिथे आहेत त्या तालुक्याच्या तहसीलदाराकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि अर्जात ‘वेठबिगार अधिनियम १९७६’ हे शब्द स्पष्ट लिहा. ‘पैशांचा वाद’ असं लिहिलंत तर पोलीस ते प्रकरण दिवाणी म्हणून परत पाठवतील. सुटका झाल्यावर मुक्तता प्रमाणपत्र मागून घ्या. त्याच्या आधाराने केंद्राच्या पुनर्वसन योजनेतून तातडीची ३० हजारांपर्यंतची मदत आणि पुढची भरपाई मिळते. मोफत वकिलासाठी विधिसेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे. मुकादमाच्या वहीचा, खर्चीच्या चिठ्ठ्यांचा आणि ट्रॅक्टरच्या नंबरप्लेटचा फोटो जमेल तेव्हा काढून ठेवा आणि गावाकडच्या कुणाच्या तरी मोबाईलवर लगेच पाठवा, कारण फोन पहिल्यांदा काढून घेतला जातो.